आइस्तेद्वोदच्या (वेल्समधल्या कला-साहित्य महोत्सवाच्या) स्पर्धांमुळे वेल्श लोककला टिकतात की साचेबंद होतात?

कार्डिफकर
लेक वेल्श माध्यमाच्या शाळेत चौथीत आहे. इर्द या वेल्श युवा संघटनेच्या आइस्तेद्वोदसाठी क्लॉग डान्स बसवतेय. लाकडी तळाच्या बुटांचा ठेका घरभर चालू असतो, तिला प्रचंड आवडतं. पण शिकवणाऱ्या बाई परवा म्हणाल्या, "झाडूवरची उडी घालच, परीक्षकांना आवडते." तेव्हापासून डोक्यात घोळतंय. गुणांसाठी बसवलेला नाच लोकनृत्य राहतो का?

तानपुरा
स्पर्धा नसत्या तर यातलं फारसं उरलंच नसतं, असं माझं ठाम मत आहे. चॅपलवाल्यांनी, म्हणजे तिथल्या कडक प्रॉटेस्टंट पंथांनी, नाच आणि फिडल (व्हायोलिन) पापात जमा केले होते. तरी नाच तगला तो बाला गावाजवळच्या हवेल वुडसारख्या रोमा (जिप्सी) घराण्यातल्या माणसांच्या पायांत. तारांच्या तीन रांगांची हार्पही रोमा वादकांनी जपली. शेतावर येणाऱ्या अशा वादकांना ऐकत वाढलेल्या नॅन्सी रिचर्ड्सनी १९०८पासून सलग तीन वर्षं राष्ट्रीय आइस्तेद्वोदमध्ये त्या हार्पचं बक्षीस घेतलं. पुढे त्यांच्या हाताखाली हार्पवादक लिओ रदेर्ख तयार झाल्या.

पण किंमत मोजावी लागतेच. मी केर्द दान्त हा हार्पबरोबरचा गायनप्रकार गाते. हार्पवर एक धून चालू असते, गाणारी जरा थांबून कवितेच्या ओळी वेगळ्याच चालीत तिच्यावर बसवते आणि शेवट दोघींचा एकत्र. पूर्वी हे आयत्या वेळी व्हायचं. गायक आळीपाळीने कडवी म्हणायचे, आधीच्याचं वृत्त राखून. ज्याला सुचलं नाही तो बाद. अगदी आपला कलगी-तुरा! म्हणजे चढाओढ तेव्हाही होतीच, फक्त हजरजबाबीपणाची. आता आमच्या हातात लिहिलेली चाल येते, श्वास कुठे घ्यायचा तेही ठरलेलं. ऐकायला सुंदर लागतं, पण गाताना काही सुचलं तर ते घालायला जागा नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून स्पर्धेबाहेरची जागा हवी. वेल्सच्या मॉन्टगॉमरीशर भागातली प्लगाइन, म्हणजे कॅरोल (नाताळची गाणी) गायची प्रथा, ऐका. नाताळच्या सुमारास चर्चमध्ये छोटी प्रार्थना होते, मग घरोघरचे गट आपणहून उठून पुढे येतात. निवेदन नाही, वाद्य नाही, टाळ्या नाहीत. कोणी ट्यूनिंग फोर्क कानाशी धरून सूर देतो. एकदा झालेलं कॅरोल त्या रात्री पुन्हा गायचं नाही, त्यामुळे प्रत्येक घराकडे भरपूर साठा लागतो. परीक्षक नसतानाही हे टिकलंय.

रियाझी
भाषेचं विसरू नका. राष्ट्रीय आइस्तेद्वोद १९५०पासून पूर्ण वेल्शमध्ये चालते. आमच्या घरी कोणी वेल्श बोलत नाही. मुलगा शिकला तो पाठांतर स्पर्धेच्या हट्टापायी. गुण गेले खड्ड्यात, कविता तोंडात राहिल्या.

कार्डिफकर
उडी ठेवतेय मग. प्लगाइनला बाहेरच्यांनी गेलं तर चालतं?

तानपुरा
खुशाल जा, जानेवारीतही असतात. शेवटी सगळे पुरुष मिळून गातात, तोवर थांबा. नंतर जेवण असतं, तिथे मुलीला गाणाऱ्यांशी वेल्शमध्ये बोलू द्या.