रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर बिघडलं कुठे?

कृष्णाकाठ: कालच्या धाग्यात एका डॉक्टरांनी लिहिलं, ‘रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणं म्हणजे फुकट सल्ला लाटणं.’ रात्रभर डोकं तापलंय. माझ्या वडिलांचं डायलिसिस चालू आहे, दवाखाना ६० किलोमीटर लांब. रक्तातल्या पोटॅशियमचा एक आकडा दाखवायला त्यांना परत एसटीत बसवू? २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या, म्हणजे फोनवरून सल्ला देण्याच्या, सरकारी सूचनांत व्हॉट्सअ‍ॅप नाव घेऊन आहे, फी घ्यायलाही मुभा आहे. मग घ्या फी!

रात्रपाळी: सूचना पूर्ण वाचा. फोनवर भागणार नाही असं वाटलं तर प्रत्यक्ष बोलावण्याचा हक्क त्यातच आहे, नोंदी ठेवायची सक्तीही. मला रात्री २ वाजता ईसीजीचा धूसर फोटो आला, मी झोपलो होतो. माणूस वाचला. पण ‘दोन टिका दिसत होत्या, उत्तर का नाही दिलं?’ म्हणून नातेवाईक अंगावर आले.

माहेरवाशीण: दोघंही फोन पेशंटच्याच हातात आहे असं धरून चाललाय. माझ्या बहिणीचा टीबीचा रिपोर्ट केसपेपरवरच्या नंबरवर गेला. तो नंबर सासऱ्यांचा. तिला कळायच्या आत घरभर झालं, आठवड्यात माहेरी आणून सोडली.

कृष्णाकाठ: वाईट झालं, पण इथे विषय माझ्या वडिलांचा आहे.

माहेरवाशीण: तुमचे वडील पुरुष आहेत, फोन त्यांच्या खिशात असतो. म्हणून तुम्हाला हा विषय वेगळा वाटतो!

संमतीपत्र: ताई बरोबर बोलतायत. मी औषधचाचण्यांत काम करते. अगदी नव्या औषधाच्या (नव्या रेणूच्या) चाचणीत दुर्बल गटातल्या माणसाची संमती घेताना व्हिडिओ काढून ठेवावा लागतो, औषधचाचण्यांच्या २०१९ च्या नियमांत आहे. एवढी काळजी, आणि आमच्याकडे एकाने व्हॉट्सअ‍ॅपवर तपासणीच्या तारखा कळवायला सगळ्या सहभागींचा एकच ग्रुप काढला! कोण कोण चाचणीत आहे ते सगळ्यांना दिसलं. एक बाई त्याच दिवशी चाचणी सोडून गेल्या. ग्रुप मी बंद करायला लावला, पण त्या परत आल्या नाहीत.

रात्रपाळी: नंबर कुणाचा, हे मी आजवर कधी विचारलं नाही. चुकलं. उद्यापासून केसपेपरवर लिहून घेईन. पण रात्रीचे ईसीजी मला पाठवू नका, १०८ ला फोन करा.

कृष्णाकाठ: ईसीजीचं मान्य. पोटॅशियमचं नाही. वेळ ठरवून द्या, फी सांगा, आकडा बघा. आणि हो, केसपेपरवर नंबर माझा आहे. वडिलांना विचारलं नव्हतं. आज विचारतो.