मुलांच्या प्रत्येक सर्दीला व्हिटॅमिन डीची तपासणी कशाला?

म्हापशेकर (धागाकर्ता)

पाऊस लागला की बालवाडीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एकच विषय. कुणाला सर्दी, कुणाची छाती भरलेली, आणि खाली लगेच लॅबच्या रिपोर्टचा फोटो: "डी १६ (नॅनोग्रॅम/मिली) आलं, म्हणूनच सारखा आजारी पडतो." संध्याकाळपर्यंत आणखी दोघी-तिघी मुलांना घेऊन लॅबमध्ये. एरवी खाणाऱ्या-खेळणाऱ्या, पाच वर्षांखालच्या मुलाच्या साध्या सर्दी-खोकल्यासाठी हे करणं म्हणजे पैसेही वाया आणि पोराला सुईही फुकटची, असं माझं मत आहे.

आजारी मुलांत डी कमी सापडतं, हे मान्य. इंदूरच्या मुलांवरचा २००४ साली छापून आलेला अभ्यास तेच सांगतो: न्यूमोनियासारख्या गंभीर आजाराची मुलं आणि कमी डी यांची जोडी दिसते. पण आजारी मूल उन्हात जात नाही, धड जेवत नाही, आणि अंगात संसर्गाचा दाह असला की रक्तातली पातळी तशीही खाली येते. कशामुळे काय झालं हे ठरवायचं तर डी देऊन बघावं लागतं. टोरांटोत १ ते ५ वर्षांच्या ७०३ मुलांवर ते हिवाळ्यात करून झालं. काहींना रोज ४०० युनिट, काहींना २०००. दोन्ही गटांत सरासरी एकेक सर्दी. काबूलमध्ये ३००० हून जास्त तान्ह्या बाळांना दर तीन महिन्यांनी १ लाख युनिट, असं दीड वर्ष दिलं. न्यूमोनिया कमी झाला नाही.

माशेलची आई

अजिबात पटलं नाही. टोरांटोच्या मुलांची पातळी मुळात चांगली होती, सरासरी ३६ च्या आसपास. भरल्या पोटी आणखी जेवायला वाढून "जेवणाने भूक भागत नाही" म्हणायचं का? मंगोलियाचं का नाही लिहिलंत? उलानबाटारच्या २४७ शाळकरी मुलांची पातळी ७ च्या घरात होती. काहींना रोज ३०० युनिट घातलेलं दूध दिलं, काहींना साधं. डी मिळालेल्यांत हिवाळ्यातली सर्दी-पडशी निम्म्यावर आली.

काबूलच्या बाळांना एकदम लाख युनिट पाजलं. शरीराला रोज थोडं लागतं, तीन महिन्यांतून एकदा डोंगर नको. २०१७ साली डी देऊन बघितलेल्या २५ चाचण्यांची आकडेवारी एकत्र मांडली, तेव्हाही रोज किंवा आठवड्याला घेणाऱ्यांनाच फायदा दिसला, आणि ज्यांचं मुळात फार कमी होतं त्यांना सर्वांत जास्त. मग कुणाचं कमी आहे हे तपासल्याशिवाय कसं कळणार?

वाळपईकर

गोंयात राहून डी कमी? ऊन फुकट, बांगडे-तारले घरात. फ्लॅटमधून बाहेर काढा भुरग्यांना.

माशेलची आई

वाळपईकर बाब, जून-जुलैत मासेमारी बंद, वर महिनाभर ढग, आणि श्रावणात आमच्या घरी मासळी शिजतच नाही. वर्षाच्या बाळाला काट्याचा तारला तुम्ही भरवणार का?

सिस्टर_फोंडा

बरीच वर्षं बालरुग्ण विभागात काम करते. दोघांचंही अर्धं-अर्धं पटतं.

आधी उन्हाचं. आजी बाळाला तेल लावून सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात धरते. बाळाला छान वाटतं, पण त्या उन्हात डी फारसं तयार होत नाही. त्याला लागणारे किरण ऊन चढल्यावर येतात, आणि भर दुपारी तान्ह्याला अंगणात ठेवा असं मी कुणालाच सांगणार नाही. आईच्या दुधात बाकी सगळं असतं, डी मात्र फारच थोडं. म्हणून जन्मापासून वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब, असा बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे. तो हाडांसाठी, मुडदूस होऊ नये म्हणून. त्याला रक्ततपासणी लागत नाही. त्यामुळे माशेलच्या ताईंचा "तपासल्याशिवाय कसं कळणार" हा प्रश्न निदान तान्ह्यांच्या बाबतीत उरतच नाही.

आणि रिपोर्टवर १६ आलं की घाबरून जातात, तेही थांबवा. लॅबच्या छापील रेंजमध्ये बऱ्याचदा ३० च्या खाली सगळं "कमी" लिहिलेलं असतं. लहान मुलांत १२ च्या खाली कमतरता, १२ ते २० अपुरं, २० च्या वर पुरेसं, असं धरतात. १६ म्हणजे थेंब नियमित चालू करा. त्यावरून न्यूमोनियाची भीती घालू नका.

मला खरी धास्ती वेगळ्याच गोष्टीची आहे. थेंबांच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात, एका मिलीत ४०० आणि एका मिलीत ८००. दिसायला सारख्याच. दुकानदार दुसऱ्या कंपनीची देतो, घरी ड्रॉपर जुन्याच बाटलीचा. त्याहून वाईट म्हणजे ६०,००० ची पुडी किंवा छोटी बाटली. मोठ्यांना आठवड्यातून एकदा सांगितलेली घरात पडून असते, ती कुणीतरी बाळाला रोज पाजतं. कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठ, अंगातलं पाणी कमी होणं, मूत्रपिंडांवर ताण. असं बाळ बघितलं की "व्हिटॅमिनच तर आहे" हे वाक्य कानाला सोसवत नाही.

म्हापशेकर

सिस्टर, धन्यवाद. थेंबांना माझा विरोध नव्हताच, सर्दीचं औषध म्हणून ते खपवण्याला आहे.

ताई, मंगोलियाची चाचणी चांगली आहे, पण २४७ च मुलं, तीही नऊ-दहा वर्षांची, आणि सर्दी किती वेळा झाली हे पालकांनी आठवून सांगितलेलं. तुम्ही म्हणता ती २०१७ ची एकत्रित मांडणी नंतर वाढत गेली. २०२५ मध्ये ४० हून जास्त चाचण्या आणि ६०,००० हून अधिक माणसं झाली, तेव्हा तो फायदा इतका बारीक झाला की खात्रीने "आहे" म्हणता येत नाही. रोज घेणाऱ्यांचा वेगळा फायदाही त्यात ठामपणे दिसला नाही.

तोवर घरातल्या ज्या गोष्टींचं छातीशी थेट नातं आहे, त्यावर ग्रुपमध्ये कुणी बोलतच नाही. बंद खोलीत रात्रभर जळणारी डासांची कॉइल, बाल्कनीत ओढलेली सिगरेट, पावसात भिंतीला येणारी काळी बुरशी. आणि न्यूमोनियाविरुद्धची न्यूमोकोकलची लस: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने, सरकारी केंद्रात फुकट. कार्डावर तिसरा शिक्का आहे का, एवढं बघायला लॅब लागत नाही.

डिचोली_बाबा

पण सिस्टर, साधी सर्दी आणि न्यूमोनिया घरी कसं ओळखायचं? आमचं दीड वर्षाचं आहे, रात्री घरघर ऐकली की झोप उडते.

सिस्टर_फोंडा

घरघर बऱ्याचदा नाकातली असते. बाळ शांत असताना शर्ट वर करून पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजा. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षापर्यंत ५०, एक ते पाच वर्षांत ४० किंवा त्याहून जास्त श्वास झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर. छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, दूध-पाणी घेत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर वाट न बघता थेट हॉस्पिटल. मोजताना मोबाइलवर सेकंद लावा, अंदाज नको.

वाळपईकर

हे ग्रुपवर पाठवतो. बांगड्याचं माझं मत कायम.

माशेलची आई

मोजायचं मीही लिहून ठेवलं. पण म्हापशेकर बाब, "खात्रीने म्हणता येत नाही" म्हणजे "नाही" नव्हे. सरकारच्या २०१६-१८ च्या पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वर्षांच्या साधारण १४ टक्के मुलांत डीची कमतरता निघाली. त्या १४ टक्क्यांतल्या मुलांवर आपल्याकडे, रोजच्या डोसाची, मोठी चाचणी दाखवा, मग मी गप्प बसते. तोवर माझ्या मुलीला वर्षानंतरही थेंब चालूच राहतील. हाडांसाठी म्हणा हवं तर.