प्लेअर ऑक्सला जोडला की ॲक्सिलरेटरबरोबर शिट्टी चढते

डगमग_डग्गा

मंडळी, २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. डेक (गाडीतली म्युझिक सिस्टिम) कंपनीचा नाही, नंतर बसवलेला. त्याला पुढे साडेतीन एमएमचं ऑक्स (बाहेरचं गाणं आत घ्यायचा जॅक) आणि एक यूएसबी आहे. फोन मॅपला लागतो म्हणून गाण्यांसाठी वेगळा पोर्टेबल प्लेअर जोडायचाय. प्लेअरला साडेतीनचा हेडफोन जॅक, एक ४.४ एमएमचा बॅलन्स्ड जॅक आणि चार्जिंगला टाइप-सी आहे. गाणी १२८ जीबीच्या कार्डावर, बहुतेक फ्लॅक (दर्जा न घटवता साठवलेल्या मोठ्या फाइली).

१. ऑक्स केबल लावून लायटर सॉकेटच्या चार्जरवर प्लेअर चार्जिंगला लावला की मागे बारीक शिट्टी येते. ॲक्सिलरेटर दिला की ती वर चढते.

२. आवाज रेडिओपेक्षा फार कमी. डेक ३० वर न्यावा लागतो. प्लेअर पूर्ण वाढवला तर डग्गा फाटल्यासारखा वाजतो. इक्वलायझरवर बास +६ ठेवलाय.

३. यूएसबीने जोडला तर डेक 'नो फाइल' दाखवतो.

दुकानदार म्हणतो, सोन्याच्या मुलाम्याची अडीच हजारांची केबल घ्या. घ्यावी का? आणि ४.४ च्या जॅकमधून ॲडाप्टर लावून ऑक्सला दिलं तर आवाज वाढतो असं वाचलं, ते खरं का?

---

अर्थिंग_बघा_आधी

सर्वात आधी ४.४ चं. ते करू नका. बॅलन्स्ड जॅकमध्ये डाव्या-उजव्याला प्रत्येकी वेगळा प्लस आणि वेगळा मायनस असतो. तो मायनस म्हणजे अर्थ नव्हे; त्यावरही ॲम्प्लिफायर उलटा सिग्नल पाठवत असतो. ऑक्सच्या पिनेत मात्र दोन्ही बाजूंचा मायनस एकच, आणि तो थेट गाडीच्या अर्थला. साधा ॲडाप्टर लावला की ॲम्प्लिफायरची दोन आउटपुटं एकमेकांशी आणि अर्थशी शॉर्ट. प्लेअर जाऊ शकतो. असे ॲडाप्टर सर्रास विकायला असतात, म्हणून ते चालतं असं समजू नका.

केबलही घेऊ नका. शिट्टी केबलमधून येत नाहीये.

होतंय काय, ते सांगतो. डेकचा अर्थ डॅशबोर्डमागे एका बोल्टला, लायटर सॉकेटचा अर्थ दुसरीकडे. दोन्ही 'चेसिस'च, पण मधल्या पत्र्याला आणि वायरीला थोडा रेझिस्टन्स असतोच. अल्टरनेटरचा करंट त्यातून जातो तेव्हा या दोन बोल्टांत काही मिलिव्होल्टांचा फरक पडतो. चार्जरचा मायनस आणि ऑक्सचा मायनस प्लेअरच्या आत एकच आहेत, त्यामुळे तो फरक ऑक्स केबलच्या अर्थमधून फिरतो आणि डेकला सिग्नल म्हणून ऐकू येतो. गाणं १ व्होल्टचं आणि घाण १० मिलिव्होल्टची असली तरी ती फक्त ४० डेसिबल खाली, म्हणजे गाण्यातल्या शांत जागी स्वच्छ ऐकू येणार.

सूर चढतो त्याचंही गणित सरळ आहे. इंजिन ८०० आरपीएमवर, पुली अडीचपट धरली तर अल्टरनेटर २००० आरपीएमवर. १२ पोलचा, थ्री-फेज असेल तर डायोडनंतर करंटमध्ये उरणारी चढउतार, म्हणजे रिपल, साधारण १२०० हर्ट्झ. इंजिन २४०० ला नेलं की ३६०० हर्ट्झ. हीच तुमची शिट्टी.

खात्री करायला इंजिन चालू ठेवून, गाणं पॉज करून, या क्रमाने बघा:

– डेक रेडिओवर. शिट्टी आहे? असेल तर प्लेअरचा संबंधच नाही, डेकचाच अर्थ किंवा सप्लाय खराब आहे.
– डेक ऑक्सवर, प्लेअर स्वतःच्या बॅटरीवर, चार्जर काढलेला. शांत असायला हवं.
– आता चार्जर लावा. शिट्टी आली की ग्राउंड लूप, म्हणजे वर सांगितलेलं दोन अर्थांमधलं फिरणं, शंका नको.
– चार्जरऐवजी पॉवर बँक लावा, पण पॉवर बँक गाडीला जोडलेली नको. पुन्हा शांत होईल.

आवाज आरपीएमबरोबर बदलत नसेल, नुसतं एकसुरी 'सीं' असेल, तर तो स्वस्त चार्जरच्या स्विचिंगचा, चार्जर बदला. आणि मधूनच 'टर्र टर्र टर्र' आलं तर केबलजवळ ठेवलेला फोन टू-जी नेटवर्कवर गेलाय. फोन वीतभर लांब सरकवा.

लूप तोडायला मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर टाका. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो. दोन्ही टोकांना साडेतीनची पिन, आत दोन छोटे वन-टू-वन ट्रान्सफॉर्मर. वेगळी पॉवर लागत नाही.

---

तांब्याची_तार

निदान बरोबर, पण उपाय म्हणून आयसोलेटर माझा शेवटचा. स्वस्त आयसोलेटरमधला कोर सुपारीएवढा. खालच्या फ्रिक्वेन्सीला तो सॅच्युरेट होतो, म्हणजे त्याची चुंबकीय क्षमता संपते, आणि नेमका डग्गा, मृदंग, बास गिटार पातळ करून टाकतो. ५० हर्ट्झच्या खाली काही शिल्लक राहत नाही म्हटलं तरी चालेल. शिट्टी जाते आणि तिच्याबरोबर अर्धं गाणं जातं.

त्याआधी फुकटातला उपाय करून बघा. प्लेअर लायटर सॉकेटऐवजी डेकच्याच यूएसबीवर चार्ज करा. दोन्ही अर्थ एकाच डब्यातून आले की लूप उरतच नाही, किंवा इतका छोटा होतो की ऐकू येत नाही. केबल मात्र फक्त चार्जिंगची घ्या, डेटाच्या तारा नसलेली. नाहीतर प्लेअर जोडल्याजोडल्या डेक उडी मारून यूएसबी सोर्सवर जातो आणि प्लेअर 'पीसीला जोडलंय' समजून गाणं थांबवतो. अशा डेकची यूएसबी बहुधा ५०० मिलिअँपिअरच देते. चार्जिंग हळू होईल, पण वाजत असताना बॅटरी उतरणार नाही.

लायटर सॉकेटच वापरायचा असेल तर चार्जर आणि प्लेअरच्या मध्ये ५ व्होल्ट ते ५ व्होल्टचं आयसोलेटेड डीसी-डीसी मॉड्यूल टाका, म्हणजे दोन्ही बाजूंचे अर्थ वेगळे ठेवून करंट देणारा छोटा भाग. बी०५०५एस नावाने मिळतं. १ वॉटचं म्हणजे जेमतेम २०० मिलिअँपिअर, म्हणून २ वॉटचं घ्या. प्लेअर चार्जर ओळखत नसेल तर प्लेअरच्या बाजूच्या केबलमधल्या हिरव्या आणि पांढऱ्या डेटा तारा एकमेकींना जोडा. लाल आणि काळीला त्यांचा स्पर्श होऊ देऊ नका. इथे सिग्नलच्या वाटेत काहीच येत नाही, त्यामुळे आवाजाला धक्का नाही.

---

अर्थिंग_बघा_आधी

@तांब्याची_तार, डेकच्या यूएसबीचं मान्य, ते आधी बघावं. पण सोल्डरिंग न येणाऱ्याला बी०५०५एस सांगणं जरा जास्तच होतंय. आयसोलेटर घ्यायचाच झाला तर जड बघून घ्या. वजन म्हणजे कोर. शिवाय प्लेअरचा आवाज थोडा उतरवून ठेवला की कोर कमी सॅच्युरेट होतो.

---

लेव्हल_जुळवा

दुसऱ्या अडचणीकडे कुणी बघितलं नाही.

बास +६ हीच गोम आहे. हल्लीची रेकॉर्डिंगं मुळातच वरच्या टोकाला टेकलेली असतात. त्यावर ६ डेसिबल चढवले की डिजिटलमध्येच माथी कापली जातात, पिनेतून बाहेर पडण्याआधीच. डग्गा फाटतोय तो प्लेअरच्या आत. इक्वलायझर पूर्ण बंद करा. बास हवा असेल तर डेकवर वाढवा.

मग प्लेअरच्या सेटिंगमध्ये गेन (आवाज किती पटीने वाढवायचा ते) बघा, बहुधा 'लो' वर असेल; 'हाय' करा. 'लाइन आउट' (दुसऱ्या ॲम्पला ठरावीक लेव्हलचा सिग्नल देणं) असा पर्याय असेल तर तोही करून बघता येईल, पण काही प्लेअर लाइन आउटला २ व्होल्ट देतात आणि बऱ्याच डेकचं ऑक्स त्याआधीच फाटतं. तसं झालं तर हेडफोन मोडवर परत या.

लेव्हल लावायची पद्धत: डेक अगदी हळू ठेवा. जोरकस गाणं लावून प्लेअर एकेक घर वाढवत जा. डेक हळू असूनही आवाज चिरकायला लागला की तिथून तीन घरं खाली. तीच प्लेअरची जागा, पुन्हा हलवायची नाही. आवाज डेकवरून कमी-जास्त करायचा. एवढं करूनही रेडिओपेक्षा कमी असेल तर डेकच्या मेनूत ऑक्स लेव्हल किंवा सोर्स लेव्हल असतं, ते वाढवा.

उलट डेक मोठा केल्यावरच चिरकत असेल तर डेकचाच ॲम्प संपलाय. डब्यावर ५० वॉट गुणिले ४ लिहिलेलं असतं, १४.४ व्होल्टवर ४ ओमच्या स्पीकरला प्रत्यक्षात १८-२० वॉट मिळतात.

एक खूण लक्षात ठेवा. गायकाचा आवाज गायब आणि मागची वाद्यं तेवढी पोकळ ऐकू येत असतील तर पिनेचा अर्थ टेकत नाहीये. डाव्या-उजव्यात जे समान आहे ते वजा होतं, आणि गायक नेमका मध्ये असतो. पिन पूर्ण आत गेलीय का बघा, प्लेअरचं जाड कव्हर आडवं येतं. माइकवाली चार कड्यांची केबलही कधीकधी हाच घोळ करते. साधी तीन कड्यांची घ्या.

---

फाइल_फोल्डर

'नो फाइल'ची दोन कारणं संभवतात, बहुधा दोन्ही असतील. असे डेक फक्त पेन ड्राइव्हसारखं स्टोरेज ओळखतात. तुमचा प्लेअर एमटीपीवर (फोनसारख्या फाइली देण्याच्या पद्धतीवर) असेल तर डेकला तो दिसतच नाही. यूएसबी मोड 'स्टोरेज' करता आला तर करा. तरी पुढचा अडथळा आहेच: ६४ जीबी आणि वरची कार्डं एक्सफॅट या फॉरमॅटमध्ये येतात, डेकला फॅट३२ हा जुना फॉरमॅट लागतो. आणि फॅट३२ करूनही तो फ्लॅक वाजवेल याची खात्री नाही, जुने डेक एमपी३ आणि डब्ल्यूएमएवर थांबतात.

त्यामुळे यूएसबीसाठी प्लेअरचा नाद सोडा, ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह वेगळा करा. एमबीआर पार्टिशन (ड्राइव्हच्या विभागणीची जुनी पद्धत), फॅट३२, गाणी ३२० केबीपीएस एमपी३. पाच मिनिटांचं गाणं १२ एमबी, म्हणजे अडीच हजारांच्या वर गाणी बसतात.

कॉपी करताना सगळं एका दमात, हव्या त्या क्रमाने टाका. पुष्कळ डेक नावाप्रमाणे नाही, तर फाइल ज्या क्रमाने लिहिली त्या क्रमाने वाजवतात. नंतर घातलेलं गाणं शेवटीच जाऊन बसतं. नावं देवनागरीत असतील तर डेकवर चौकोन दिसतील. टॅग (फाइलमधली गाण्या-गायकाची माहिती) रोमनमध्ये, आयडी३ या टॅग-पद्धतीच्या २.३ आवृत्तीत ठेवा. मॅकवरून कॉपी केलं तर टिंब-अंडरस्कोअरने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली जातात. त्या डेक गाणी समजून मोजतो आणि प्रत्येक गाण्याआधी अडखळतो. त्या पुसा.

---

घाटमाथा

धाग्यात घुसतोय, माफी. डेकला ऑक्सही नाही, यूएसबीही नाही, फक्त कॅसेट आणि रेडिओ असेल तर?

---

तांब्याची_तार

@घाटमाथा, कॅसेटच्या आकाराचा ॲडाप्टर. एफएम ट्रान्समीटरपेक्षा (गाणं रेडिओलहरींवर डेकला पाठवणाऱ्या उपकरणापेक्षा) कधीही बरा. डेक तो बाहेर फेकत असेल किंवा सारखी बाजू बदलत असेल तर ऑटो-रिव्हर्सला (आपोआप बाजू पलटणाऱ्या यंत्रणेला) टेप अडकल्यासारखी वाटतेय. डेकवरून दुसरी बाजू निवडून बघा. तरी ऐकत नसेल तर दुसऱ्या बनावटीचा ॲडाप्टर, आतल्या चक्रांची रचना वेगळी असते. आवाज दबका आला तर आधी डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने पुसा. डेकवरचं डॉल्बी (टेपची खरखर कमी करणारं बटण) बंद.

ट्रान्समीटरच लावायचा तर ८७.५ ते ८९.५ मध्ये मोकळी जागा शोधा. खाजगी स्टेशनं ९१.१ पासून वर. ९०.४ आणि १०७.४ वर कम्युनिटी रेडिओ असू शकतो. पुणे विद्यापीठाचं विद्यावाणी १०७.४ वरच आहे. १५ किलोहर्ट्झच्या वरचं एफएममध्ये जातच नाही, तेवढं गृहीत धरा.

---

डगमग_डग्गा

चारही चाचण्या केल्या. रेडिओ शांत, बॅटरीवर शांत, चार्जर लावला की शिट्टी, पॉवर बँकवर शांत. डेकच्या यूएसबीवर चार्जिंगची केबल लावली, शिट्टी गेली. इक्वलायझर बंद, गेन हाय. डेक १४ वर पुरतो आणि डग्गा शाबूत आहे. पेन ड्राइव्ह रविवारी भरतो. प्लेअर डॅशबोर्डवर चिकटवून कायमचा गाडीतच ठेवला तर चालेल ना?

---

अर्थिंग_बघा_आधी

नाही. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते, आणि काचेखालचा डॅशबोर्ड उन्हात त्याच्या कितीतरी पुढे जातो. विदर्भात असाल तर मे महिन्यात बॅटरी फुगून मागचं झाकण उचललेलं दिसेल. गिअरजवळच्या खणात ठेवा, केबल गिअरच्या दांड्यात येणार नाही अशी बाजूने घ्या, आणि गाडी उभी केली की प्लेअर खिशात टाकून घरी न्या.