ऑडिशनच्या फॉर्मात ‘वादनशैली’ आणि ‘प्रभाव’ या रकान्यांत काय लिहायचं?

पलासिया_सहातारी
इंदूरच्या एका भावगीत-गझल बँडला गिटारवादक हवाय. फॉर्मात दोन रकाने आहेत: तुमची वादनशैली, आणि कोणाकोणाचा प्रभाव. मर्यादा शंभर शब्दांची, सोबत दीड मिनिटाचा व्हिडिओ. माझा मसुदा असा:

‘माझी शैली फ्यूजन आहे. मी मनापासून वाजवतो. ब्लूज, जॅझ, रॉक आणि हिंदुस्थानी शास्त्रीय यांचा मेळ. प्रभाव: मार्क नॉफ्लर, जॉन मॅक्लॉफलिन, उस्ताद अमीर खाँ.’

गिटार अकूस्टिक, तारांचा १२-५३चा सेट (सर्वांत बारीक तार .०१२ इंचाची, सर्वांत जाड .०५३ची), ट्यूनिंग डी-ए-डी-जी-ए-डी, सा म्हणजे डी. पिक नाही, अंगठा आणि दोन बोटं. व्हिडिओत दरबारीचा आलाप आणि मारव्याचा एक तुकडा टाकावा म्हणतो. मसुदा मिळमिळीत वाटतोय. काय बदलू?

झूमरा_चौदा
‘फ्यूजन’ खोडा. त्या शब्दातून तुमचा हात दिसत नाही. मनापासून तर सगळेच वाजवतात.

नाव लिहिलं की पुढचा प्रश्न ठरलेला: त्यांच्याकडून घेतलं काय? त्यातून इंदुरात, त्यांच्याच घराण्याच्या गावी, अमीर खाँसाहेबांचं नाव लिहिणं म्हणजे समोरच्याच्या हातात छडी देणं. ऐकणाऱ्यांत एखादा तरी त्यांचा मारवा पाठ असलेला निघतोच.

खाँसाहेब म्हटलं की अतिविलंबित झूमरा (अगदी संथ लयीतला चौदा मात्रांचा ताल) आणि मेरुखंड (ठरावीक स्वरांचे होतील तेवढे सगळे क्रम मांडायची रीत). पैकी पहिली गोष्ट अकूस्टिकवर जशीच्या तशी येत नाही. मात्रा ४ सेकंदांची धरली तर १४ मात्रांचं आवर्तन ५६ सेकंदांचं होतं. पहिल्या तारेवर छेडलेला स्वर दोन-तीन सेकंदांतच इतका बसतो की पुढची मात्रा येईपर्यंत हाती काही उरत नाही. गळ्याचा दम तारेला नाही. मग रिकामी जागा भरायला लोक खर्जाच्या तारा सारख्या छेडत राहतात, आणि जो ठहराव घ्यायचा होता तोच जातो.

मेरुखंड मात्र गिटारवर चांगला बसतो. चार स्वरांचे २४ क्रम होतात. दोनच तारांवर, हात फारसा न सरकवता, सगळे वाजवून बघा. मेट्रोनोम १५वर लावण्यापेक्षा ६०वर लावा, चार टिकटिकींची एक मात्रा धरा आणि ३-४-३-४ असे विभाग मोजा. मग रागाच्या चलनात न बसणारे क्रम गाळा. दरबारीच्या उतरणीत ‘ग म रे सा’ असंच वक्र यायला हवं, म्हणजे सरळ ‘म ग रे सा’ बाद. २४ क्रम घोकून ते जसेच्या तसे ओकणं हा मेरुखंड नव्हे, हेही आलंच.

आणि मारवा या ट्यूनिंगमध्ये नको. त्यात पंचम नाही, मध्यम तीव्र. तुमची पाचवी आणि दुसरी तार पंचमाची, तिसरी शुद्ध मध्यमाची. त्या छेडल्या नाहीत तरी बाकीच्या तारांबरोबर गुणगुणत राहतील. दरबारीला म आणि प दोन्ही चालतात, तेवढाच ठेवा.

नट_आणि_सॅडल
मारव्याबद्दल सहमत. पण दरबारीतही गाडी गंधारावर अडेल.

तो गंधार नेहमीच्या कोमल गंधारापेक्षाही उतरलेला आणि आंदोलित. गिटारचा परदा पक्का. एफच्या परद्यावर बोट ठेवून तार ओढली की स्वर चढतो, उतरत नाही. म्हणून एका परद्याने मागे, रिषभावर बोट ठेवून तार वर ढकलायची आणि एफच्या अलीकडेच थांबायचं. ट्यूनर लावून बघा, काटा एफच्या मधल्या रेघेच्या डावीकडेच राहिला पाहिजे.

हा रिषभ पहिल्या तारेच्या दुसऱ्या परद्यावर मिळतो, पण नटजवळ (गळ्याच्या टोकाची खाचांची पट्टी) तार ढकलायला फार जोर लागतो. तोच रिषभ दुसऱ्या तारेच्या सातव्या परद्यावर घ्या. अनामिका सातव्यावर, मधलं बोट तिच्या मागे सहाव्यावर त्याच तारेला टेकवलेलं, अंगठा गळ्यावरून वर आलेला. ढकलायचं दोन्ही बोटांनी मिळून, फिरवायचं मनगट. नुसत्या पेरांनी हलवलंत तर आंदोलनाचा कंप होतो, आणि दरबारीत तो कानाला बोचतो. परत येताना तार सावकाश सैल करा. झटक्याने सोडली तर रिषभ वेगळा छेडल्यासारखा वाजतो.

तिसरी तार: १२-५३च्या सेटात ती बहुधा .०२४ची, गुंडाळलेली असते. तिच्यावर मींड (तार ओढून एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग जाणं) जड जाते, म्हणून बरेचजण साधी .०२० लावतात. त्यात दोन भानगडी. सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) गुंडाळलेल्या तारेच्या हिशेबाने घासलेला असतो, त्यामुळे साधी तार वरच्या परद्यांवर चढी बोलते. आणि नटची खाच रुंद राहिल्याने मोकळी तार झणझणू शकते. लावलीत तर बाराव्या परद्याचा दाबलेला स्वर आणि तिथलाच हार्मोनिक ताडून बघा. फरक ऐकू आला तर जुनी तार परत लावा आणि मींड पहिल्या दोन तारांपुरती ठेवा. ऑडिशनच्या आठवड्यात सॅडल घासत बसू नये.

मॅक्लॉफलिनचं नाव काढा. ‘शक्ती’ या बँडच्या वेळची त्यांची गिटार खोल कोरलेल्या फ्रेटबोर्डची होती, साउंडहोलवरून तिरक्या तरफा (न छेडता गुंजणाऱ्या जादा तारा). ती मींड साध्या फ्रेटबोर्डवर होत नाही. नॉफ्लर राहू द्या: पिक नाही, अंगठा आणि दोन बोटं, हे तुमच्या हातात खरंच आहे आणि व्हिडिओत दिसेलही. मसुद्यात ते कुठेच नाही, ही गंमतच!

काळी_चार
भिया, गझलेच्या बँडला आलाप नंतर, साथ आधी. सा सांगताना पट्टी सांगा. तुमचा डी म्हणजे पांढरी दोन. गाणारी बाई पांढरी पाचमध्ये असेल तर पाचव्या घरात कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारी पकड). काळी पाच असेल तर आठव्या घरात जावं लागेल, आवाज मेंडोलिनसारखा बारीक होईल. त्यापेक्षा साधी ट्यूनिंग, तिसऱ्या घरात कॅपो आणि जी कॉर्डचा आकार.

कॅपोखाली मींड घेतली की तार रबरात अडकते, पूर्ण मागे येत नाही आणि उतरलेली राहते. कॅपो लावल्यावर प्रत्येक तार एकदा ओढून सोडा, मग सुरात लावा.

व्हिडिओत ५० सेकंद आलाप पुरे. उरलेल्या ४०मध्ये केरवा आणि दादरा, गाण्याशिवाय. लय स्थिर आहे की पळते, ते तिथेच कळतं.

पलासिया_सहातारी
मारवा काढला. नवा मसुदा:

‘पिकशिवाय, अंगठा आणि दोन बोटांनी वाजवतो, ही पद्धत मार्क नॉफ्लर यांच्या वादनावरून घेतली. अकूस्टिक, ओपन डी ट्यूनिंग. सा पांढरी दोन, पांढरी पाचसाठी कॅपो. मींड पहिल्या दोन तारांवर, एका स्वरापर्यंत. आलापातली स्वरांची मांडणी मेरुखंडाच्या रियाजातून, अमीर खाँसाहेबांना ऐकून. साथीला केरवा आणि दादरा पक्के, रूपक अजून कच्चा.’

शेवटचं वाक्य ठेवू का?

नट_आणि_सॅडल
ठेवा. गझलेत रूपक येतोच, पहिल्याच तालमीत उघडं पडण्यापेक्षा बरं. ‘ओपन डी’ मात्र बदला. ते डी-ए-डी-एफ शार्प-ए-डी. तिसरी तार शुद्ध गंधाराची, आणि व्हिडिओत दरबारी!