मदत हवी आहे: अनार्किझमच्या इतिहासावर पुस्तक (तातडीने)

पऱ्हाटी_वाचक
अनार्किझमच्या, म्हणजे कोणाचीच राज्यसत्ता नको म्हणणाऱ्या विचाराच्या, इतिहासावर चांगलं पुस्तक सांगा. मराठीत असेल तर उत्तम. 16 ऑगस्टच्या आत हातात पाहिजे. मागच्या महिन्यात ऑनलाइन एक मागवलं तर भलतंच आलं, ते परत करण्यातच पंधरा दिवस गेले. गुगल करा असं कृपया सांगू नका. 'अराजक' टाकलं की नुसत्या दंगलीच्या बातम्या येतात.

वणीकर
राज्यसेवेसाठी का? असेल तर यात पडू नका भाऊ, दोन-चार ओळींच्या वर लागत नाही. मी तीन वर्षं परीक्षा दिली. ज्याला मार्क नाहीत ते वाचत बसलो, त्याचा पस्तावा अजून आहे.

पऱ्हाटी_वाचक
परीक्षा नाही जी. पुस्तक सांगा.

डवरा_धामणगाव
पुस्तक सांगाले दहा जण हायेत, पण वाचाचं कोणाले हाये हे तर कळू द्या. मोठ्या माणसाले का पोट्ट्याइले? इंग्रजी चालते का? पैसे किती लावता?

तूरकाठी
इंग्रजी चालत असेल तर जॉर्ज वुडकॉक यांचं 1962 चं 'अनार्किझम' घ्या. आधी प्रूदाँ, बाकुनिन, क्रोपोटकिन या अनार्किस्ट विचारवंतांचे विचार, मग एकेका देशातली चळवळ. पीटर मार्शल यांचं 'डिमांडिंग द इम्पॉसिबल' त्याहून भरगच्च आहे, पण पहिलं पुस्तक म्हणून नको. क्रोपोटकिनचं 'म्युच्युअल एड' (1902) तर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतं.

लाल_माती
बाकुनिन वाचायचा तर मार्क्सचं म्हणणंही सोबत वाचा. 1872 मध्ये हेगच्या अधिवेशनात बाकुनिनला इंटरनॅशनलमधून, म्हणजे कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेतून, काढलं, ते दोन माणसांच्या स्वभावाचं भांडण नव्हतं. कामगारांनी सत्ता हातात घ्यायची की सत्ताच मोडायची, हा वाद होता. संघटना आणि सत्ता नसेल तर मालक दुसऱ्या दिवशी परत येतो.

तूरकाठी
आणि बाकुनिन सांगत होता की सत्तेवर बसलेला कामगार कामगार राहत नाही. 1921 मध्ये रशियात क्रोनस्टाटच्या बंडखोर खलाशांवर कम्युनिस्ट सरकारचं लाल सैन्य चालून गेलं, तेव्हा कोणाचं खरं ठरलं?

लाल_माती
तेव्हा रशियात यादवी आणि दुष्काळ होता. तो संदर्भ सोडून बोलू नका.

जंगलकाठ
मी गडचिरोलीकडचा. गावात ही पुस्तकं वाचताना जपून राहा, एवढंच मनापासून सांगतो. आमच्याकडे लोक असं काही दिसलं की थेट नक्षलवादात ढकलतात.

तूरकाठी
म्हणूनच इतिहास वाचला पाहिजे. नक्षलवादी माओवादी आहेत, त्यांना त्यांच्या पक्षाची सत्ता आणायची आहे. अनार्किस्टांना पक्षाचीही सत्ता नको.

पऱ्हाटी_वाचक
भांडण थांबवा, मी नीट सांगते. आर्वी तालुक्यातलं आमचं गाव. मी शेती बघते आणि संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत वाचनालय उघडते. आठवी ते बारावीची अकरा मुलं येतात. भगतसिंग वाचत होतो. 8 एप्रिल 1929 ला दिल्लीच्या असेंब्लीत बॉम्बसोबत जी पत्रकं टाकली, त्यात बहिऱ्यांना ऐकू जावं म्हणून मोठा आवाज करावा लागतो, हे वाक्य व्हेलाँ नावाच्या फ्रेंच अनार्किस्ट हुतात्म्याचं म्हणून दिलं आहे. दहावीतल्या मुलीनं विचारलं, ताई हा कोण? मला सांगता आलं नाही. दुसरा म्हणाला, अनार्किस्ट म्हणजे बॉम्बवाले. तिसरा म्हणाला, मग 1942 च्या 16 ऑगस्टला आष्टी-चिमूरला इंग्रजांविरुद्ध उठाव झाला, ते काय होतं? आष्टी आमच्यापासून जवळ आहे, तिथल्या हुतात्म्यांबद्दल मला चुकीचं एक अक्षर बोलायचं नाही. 16 ऑगस्टच्या हुतात्म्यांच्या कार्यक्रमाआधी मुलांना उत्तर द्यायचं आहे. इंग्रजी मी वाचेन, मुलं नाही.

डवरा_धामणगाव
हे पयलेच सांगतलं असतं तं अर्धा धागा वाचला असता ना ताई.

तूरकाठी
ऑग्युस्त व्हेलाँ. 9 डिसेंबर 1893 ला त्यानं पॅरिसच्या प्रतिनिधिगृहात खिळे भरलेला बॉम्ब टाकला. माणसं जखमी झाली, मेलं कोणी नाही. तरी फेब्रुवारी 1894 मध्ये त्याचा शिरच्छेद केला. असेंब्लीतही कोणाला मारायचं नव्हतं, म्हणून भगतसिंगांना तो आठवला असावा. पण अनार्किझम म्हणजे व्हेलाँ नव्हे, हे मुलांना आवर्जून सांगा. क्रोपोटकिननं मुंग्या, पक्षी आणि मध्ययुगीन शहरांचे दाखले देऊन लिहिलं की परस्पर मदतीनं जीव टिकतात. तुमच्याकडे सावड करतात ना? आज याच्या वावरात, उद्या त्याच्या. तिथून सुरुवात करा.

भगतसिंगांनी स्वतः 1928 मध्ये 'किरती' मासिकात अनार्किझमवर लेख लिहिले. चमनलाल यांनी संपादित केलेल्या हिंदी संग्रहात शोधा. विदर्भातल्या मुलांना हिंदी जड जाणार नाही.

जुना_सर्वोदयी
ताई, फ्रान्सला कशाला जाता? विनोबांचा पवनार आश्रम तुमच्याच जिल्ह्यात आहे. विनोबांचं 'स्वराज्यशास्त्र' घ्या, छोटं पुस्तक, मराठीत. आणि गांधीजींनी 1916 मध्ये बनारसच्या भाषणात स्वतःला अनार्किस्ट म्हटलं होतं, पण वेगळ्या प्रकारचा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाची घोषणाही ऐकवा: दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.

लाल_माती
आणीबाणीला 'अनुशासन पर्व' कोणी म्हटलं, तेही मुलांना सांगाल का?

जुना_सर्वोदयी
जरूर सांगावं. डिसेंबर 1974 पासून विनोबांचं वर्षभराचं मौन होतं, शब्द महाभारतातला, हेही सांगावं. मला तेव्हाही त्याचं वाईट वाटलं होतं, आजही वाटतं. म्हणून पुस्तक खोटं होत नाही.

वर्धा_लेक
खानखोजे विसरलात सगळे! पांडुरंग खानखोजे वर्ध्याचे, परदेशातल्या भारतीय क्रांतिकारकांच्या गदर चळवळीत होते, पुढे मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ झाले, शेवटी नागपुरात वारले. वीणा गवाणकरांनी त्यांचं चरित्र मराठीत लिहिलं आहे. ते अनार्किस्ट होते असं मी म्हणत नाही, पण आपल्या मातीतला माणूस जगभरच्या क्रांतिकारकांत वावरला, हे वाचून मुलांचे डोळे मोठे होतील.

जंगलकाठ
आष्टी-चिमूरबद्दल माझं मत. ती माणसं परकं राज्य घालवायला निघाली होती, राज्यच नको असं त्यांचं म्हणणं नव्हतं. दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवा.

वणीकर
वाचनालयाला शासनमान्यता घेतली का? आधी 'ड' वर्ग, म्हणजे सगळ्यात खालचा दर्जा, मिळतो का बघा, त्यावर अनुदान असतं.

मोडी_अक्षर
शब्दाबद्दल. 'अराजक' म्हणजे गोंधळ. तुम्हाला 'अराज्यवाद' हवा आहे. मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावर हा शब्द टाका.

पऱ्हाटी_वाचक
सापडलं! एका शब्दासाठी दोन महिने. सध्या डवरणी चालू आहे, दिवसा वेळ नाही, रात्री नेटवर्क आलं की उतरवून घेते. जंगलकाठ दादा, तुमचं म्हणणं मुलांसमोर तसंच मांडीन. सावडीचंही. मराठीत पूर्ण इतिहास कोणाला माहीत असेल तर अजूनही सांगा. आणि रविवारी वर्ध्याहून आर्वीकडे कोणी येणार असेल तर पवनारहून 'स्वराज्यशास्त्र'च्या दोन प्रती आणाल का? पैसे बसस्टँडवरच देते.

वर्धा_लेक
शनिवारी माहेरी आर्वीला येतेय. आणते. खानखोज्यांचं माझ्याकडचं पण देते, पण ते परत पाहिजे ताई, माझ्या बाबांच्या सहीचं आहे.

पऱ्हाटी_वाचक
कव्हर घालून परत करीन.