ड्रूल्स: बिल्ड पास, फॅक्टही आत जातोय, पण एकही रूल फायर होत नाही

मंडळी, ड्रूल्स (जावाचं रूल इंजिन: आत टाकलेल्या ऑब्जेक्टवर, म्हणजे फॅक्टवर, 'अट जुळली तर हे कर' असे रूल चालवणारं) वापरतोय आणि दोन दिवस डोकं खाजवतोय, मदत करा.

आधी ऑर्डर हा जावा क्लास आणि डीआरएल फाइल (ज्यात रूल लिहितात ती), दोघांचं पॅकेज एकच होतं: कॉम.डेमो.रूल्स. इम्पोर्टची ओळ नव्हतीच, तरी सगळं चालायचं. आवराआवर करताना क्लास कॉम.डेमो.मॉडेलमध्ये हलवला आणि लगेच बोंब: 'अनेबल टू रिझॉल्व्ह ऑब्जेक्टटाइप ऑर्डर' (म्हणजे ऑर्डर हा टाइप सापडत नाही). घाईत मी डीआरएलमध्येच हे टाकलं:

डिक्लेअर ऑर्डर
    टोटल : डबल
    डिस्काउंट : डबल
एंड

एरर गेली, मी खूश. रूल अगदी साधा आहे, टोटल १००० च्या वर गेली की डिस्काउंट सेट करायचा. १५०० ची ऑर्डर इन्सर्ट करतो, गेटफॅक्टकाउंट (आत किती फॅक्ट आहेत) १ सांगतं, फायरऑलरूल्स (किती रूल फायर झाले) मात्र ०. एक्सेप्शन नाही, काही नाही. अट काढून नुसतं ऑर्डर() ठेवलं, तरी ०! फोल्डरचं नाव पॅकेजशी जुळत नाही म्हणून असेल का? केमॉड्यूलच्या एक्सएमएलमध्ये (ड्रूल्सच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये) हात घालायची हिंमत होत नाहीये.

प्रतिसाद:
घालूही नका. अट काढूनही ०, म्हणजे घोळ टाइपचा आहे. तुमच्याकडे आता दोन ऑर्डर झाल्यात. त्या डिक्लेअरमुळे ड्रूल्सने कॉम.डेमो.रूल्स.ऑर्डर असा स्वतःचा नवा क्लास तयार केला. रूल त्याची वाट बघत बसलाय आणि तुम्ही इन्सर्ट करताय कॉम.डेमो.मॉडेल.ऑर्डर. नाव तेच असलं तरी जावाच्या लेखी दोघांचा काही संबंध नाही. इन्सर्टच्या आधी गेटक्लासचं नाव प्रिंट करा, दिसेलच.

आधी इम्पोर्टशिवाय चालायचं कारण डीआरएलच्या पॅकेजच्याच नावाचं जावा पॅकेज ड्रूल्स आपोआप इम्पोर्ट करतं (जावा.लँगही). क्लास हलला, ती सोय गेली. डिक्लेअर उडवा आणि पॅकेजच्या ओळीखाली लिहा:

इम्पोर्ट कॉम.डेमो.मॉडेल.ऑर्डर

प्रश्नकर्ता:
चाललं! फायरऑलरूल्स १. एरर गप्प करायला डिक्लेअर टाकलं तिथेच माती खाल्ली. पण पुढे ऑर्डरला इव्हेंट (वेळेशी जोडलेला फॅक्ट) करायचंय, रोल (हा टाइप इव्हेंट आहे असं सांगणारी खूण) लावायला डिक्लेअर लागेलच ना?

प्रतिसाद:
लागेल. वर इम्पोर्ट राहू द्या आणि आत फील्ड लिहू नका, फक्त रोलची ओळ. मग नवा क्लास न बनता मेटाडेटा (रोलसारखी टाइपबद्दलची माहिती) तुमच्याच क्लासला लागतो.