शब्दचर्चा : 'क्लोदिंग ऑप्शनल'ला मराठीत काय म्हणावं?

जास्वंद
आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी जमैकाचं प्रवासवर्णन लिहितेय. मी आणि नवरा ओचो रिओसजवळ टॉवर आयल नावाच्या हॉटेलात राहिलो होतो. हॉटेल जुनं, १९४९ सालचं. आता फक्त जोडप्यांनाच घेतात. किनाऱ्यासमोर एक चिमुकलं बेट आहे, त्यावर पांढरा बुरूज. हॉटेलची होडी तिथं नेऊन सोडते, आणि बेटावर उन्हात पडायचं तर अंगावर कपडे असायलाच हवेत असं नाही. आम्ही गेलो. त्यात लपवण्यासारखं काही नाही आणि लेखातही लपवायचं नाहीये.

अडचण शब्दाची आहे. पहिल्या खर्ड्यात 'नग्न बेट' लिहिलं, तर संपादकांनी ते खोडून 'मुक्त बेट' केलं. वाचणाऱ्याला वाटेल, तिथं स्वातंत्र्यलढा झाला होता. 'विवस्त्र' म्हटलं की पोलिसांचा पंचनामा आठवतो. इंग्रजी शब्द देवनागरीत तसाच ठेवायचा नाही, एवढा हट्ट आहे. न्यूडिस्ट, नॅचरिस्ट, टॉपलेस यांनाही काही सुचत असेल तर सांगा.

लिंबूटिंबू
दिगंबर बेट. विषय संपला.

मुद्रितशोधक
संपला कसा? दिगंबर हा व्रताचा शब्द आहे. जैन मुनी वस्त्राचासुद्धा परिग्रह सोडतात, पुन्हा नेसण्यासाठी नाही. नृसिंहवाडीला दत्ताचा गजर त्याच नावाने चालतो. आणि गावोगावी एक दिगंबरराव असतातच, त्यांनी काय पाप केलंय? जास्वंदताईंच्या हॉटेलात रात्री जेवायला जाताना सदरा घालावाच लागला असेल.

मुळात आपल्याकडे शब्दांचा तुटवडा नाही. 'नग्न' संस्कृत, त्याचं प्राकृतात 'णग्ग', तिथून मराठीत नागडा आणि नागवा. इंग्रजीतला 'नेकेड' आणि लॅटिनमधला 'नूडुस' हेही याच कुळातले दूरचे भाऊ. पण मराठीत आल्यावर प्रत्येकाची तऱ्हा वेगळी झाली. 'नागवा'वरून 'नागवणे', म्हणजे लुबाडणे. दलालाने नागवलं, सावकाराने नागवलं. 'नागडा' लहान मुलाला लाडाने म्हणतात आणि मोठ्याला म्हटलं तर मारामारी होते. 'विवस्त्र' बातमीत येतो तो बहुतेक वेळा अत्याचाराच्या, म्हणजे कुणीतरी कुणाला केलेलं विवस्त्र. 'निर्वस्त्र' त्याचाच जुळा.

आणि 'उघडा' तर पूर्ण नागडा नसतोच. आजोबा घरात उघडे बसतात, तेव्हा कमरेला धोतर किंवा पंचा असतो. 'उघड्यापाशी नागडं गेलं अन् सारी रात्र हिवानं मेलं' ही म्हण याच फरकावर उभी आहे. एकाकडे निदान कमरेपुरतं आहे, दुसऱ्याकडे तेही नाही, आणि दोघांच्याही जवळ पांघरूण नाही.

म्हणजे आपल्या शब्दांत अंगावर कपडे नसण्याची कारणं तीनच : गरिबी, जबरदस्ती किंवा वैराग्य. पैसे भरून, स्वखुशीने, नवऱ्याबरोबर सुट्टीला जाऊन कपडे काढणे ही चौथी सोय भाषेने केलेली नाही.

खडूस
पाचवी आहे. दारू पिऊन.

पंतोजी
मूळ शब्दातला जोर 'क्लोदिंग'वर नाही, 'ऑप्शनल'वर आहे, तो आधी धरला पाहिजे. शाळेत आपण दोन शब्द वापरतो. 'ऐच्छिक' म्हणजे घेतला तर घेतला, नाही तर नाही. 'वैकल्पिक' म्हणजे दिलेल्यांतून एक घ्यायचाच. 'वैकल्पिक वस्त्र' म्हटलं तर धोतर किंवा लुंगी यांतून एक निवडा, असा अर्थ होईल. तेव्हा ऐच्छिकच.

आता समास. 'वस्त्रैच्छिक' असा शब्द कुणीतरी सुचवणारच, म्हणून आधीच सांगतो. संधी बरोबर आहे, घडण इंग्रजीची आहे. 'जिथे वस्त्र ऐच्छिक आहे असा' हा बहुव्रीही, त्यात विशेषण आधी येतं : पीतांबर, नीलकंठ. त्या न्यायाने 'ऐच्छिकवस्त्र किनारा'. व्याकरणाने निर्दोष आहे. दिवाळी अंकात कुणी वाचेल असं मात्र मला वाटत नाही.

समुद्रपक्षी
जहाजावर नोकरीला होतो तेव्हा कॅरिबियनमध्ये बराच वावर झाला, म्हणून थोडी भर.

तिथं दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि भाषांतरात त्यांची खिचडी होते. एक, जिथं कपडे नसले तरी चालतं. दुसरी, जिथं कपडे असले तर चालत नाही. जमैकाच्याच पश्चिम टोकाला नेग्रिलला 'हेडोनिझम टू' नावाचं हॉटेल आहे. १९७६ला सुरू झालं तेव्हा नाव साधं होतं, नेग्रिल बीच व्हिलेज. त्याचा किनारा दोन भागांत वाटलेला आहे. एका भागात पोहण्याचा पोशाख घालून बसायचं, दुसऱ्या भागात कपडे घालून नुसतं बघत बसलेलं चालत नाही. म्हणजे तिथं नग्नता ऐच्छिक नाही, सक्तीची आहे.

तिसरा प्रकार फ्रेंच बेटांवरचा. सेंट मार्टिन हे बेट १६४८च्या करारापासून फ्रान्स आणि नेदरलँड्समध्ये वाटलेलं आहे. त्याच्या फ्रेंच बाजूला ओरिएंट बे, आणि तिथल्या किनाऱ्याच्या एका टोकाला क्लब ओरिएंट नावाचं नॅचरिस्ट वसतिस्थान होतं. सप्टेंबर २०१७च्या इर्मा वादळात ते साफ झालं. तिथल्या लोकांना 'न्यूडिस्ट' म्हटलेलं फारसं आवडत नसे. ते 'नॅचरिस्ट'. आंतरराष्ट्रीय नॅचरिस्ट महासंघाने १९७४ साली फ्रान्समधल्या आग्द इथं व्याख्याच करून ठेवलीय, तिच्यात निसर्गाशी जुळवून जगणं, स्वतःचा आणि दुसऱ्याचा आदर, सामूहिक नग्नता असं सगळं येतं. लैंगिक चाळ्यांना तिथं थारा नाही. नेग्रिलचं हॉटेल बरोब्बर उलट, तिथं नावातच सगळं आलं.

त्यामुळे दोन्हीकडच्यांना मराठीत एकच 'नग्नतावादी' लावू नका. आणि नॅचरिस्टचं 'निसर्गवादी' तर अजिबात करू नका, तो साहित्यातला वाद आहे. वाचक एमिल झोला या फ्रेंच कादंबरीकाराची आठवण काढत बसेल.

जाता जाता, कपडे घालणाऱ्यांना हे नॅचरिस्ट लोक 'टेक्स्टाइल' म्हणतात. 'पलीकडचा किनारा टेक्स्टाइलांचा आहे' असं.

बांगडा फ्राय
टेक्स्टाइल = कापडवाले. झालं की. गिरणगावात वाढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

खडूस
हेडोनिझम म्हणजे आपला चंगळवाद ना? 'हॉटेल चंगळ'. पाटी कोल्हापूर रोडवर सहज खपेल.

तिथल्या त्या दोन भागांना इंग्रजीत यमक जुळवून 'न्यूड साइड' आणि 'प्रूड साइड' म्हणतात. मराठीत : मोकळी बाजू आणि सोवळी बाजू.

मुद्रितशोधक
खडूसराव, याला दाद. 'सोवळी' शंभर टक्के. 'प्रूड'ला इतका नेमका शब्द आहे हे मला सुचलं नसतं. 'तो फार सोवळा आहे' यात कपडा, स्पर्श, नैतिक ताठा सगळं येतं. 'मोकळी'बद्दल मात्र शंका आहे. मोकळा किनारा म्हणजे गर्दी नसलेला किनारा. मोकळे केस, मोकळा वेळ, मोकळी जागा. जोडीने आलं तरच अर्थ लागतो, एकट्याने नाही.

जास्वंद
मोकळी-सोवळी मी चोरणार आहे, आधीच सांगून ठेवते.

समुद्रपक्षी, तुम्ही म्हणता तो फरक खरा आहे. होडीत सगळे टॉवेल गुंडाळून, कुणी कुणाकडे न बघता बसलेले असतात. बेटावर पाच मिनिटांत ते संपतं आणि लोक सनस्क्रीन कुठलं चांगलं यावर बोलायला लागतात. पाठीला कुणी लावायचं यावर आमच्यात थोडं वाजलं, ते लेखात घेतलेलं नाही. कॅमेरा न्यायचा नाही. आणि जिथं बसाल तिथं खाली स्वतःचा टॉवेल अंथरायचा. कपड्यांची सूट आहे, टॉवेलाची नाही.

पोस्टकार्ड
कायद्याच्या अंगाने. जमैकात सार्वजनिक ठिकाणी नग्न फिरणं गुन्हाच आहे, ही सवलत हॉटेलाच्या हद्दीपुरती. गंमत अशी की त्याच देशात सामान्य माणसाला लष्करी नक्षीचे कपडे घालायला बंदी आहे. बार्बाडोसमध्येही आहे. म्हणजे बॅग भरताना हिरव्या ठिपक्यांची हाफ पँट घरी ठेवायची, आणि बेटावर काहीच घातलं नाही तरी हरकत नाही.

आपल्याकडे हे होणार नाही. गोव्यात हणजुणे-वागातोरला सत्तरच्या दशकात हिप्पी उघडेनागडे असायचे, पण ते नियमाने नव्हतं, कानाडोळा होता. आता भारतीय न्याय संहितेत सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील कृत्याला कलम २९६ आहे.

बांगडा फ्राय
'आपल्याकडे होणार नाही' म्हणताय, पण या प्रकारचं जगातलं पहिलं माहीत असलेलं मंडळ कुठं निघालं सांगू? माथेरानला!

१८९१ साल. मुंबई इलाख्यात चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड नावाचे इंग्रज जिल्हा व सत्र न्यायाधीश होते, विधुर. त्यांनी 'फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट' काढली. सुरुवातीला सभासद तीन : स्वतः जज्जसाहेब आणि एका मिशनऱ्याचे दोन मुलगे. इंग्लंडातले लेखक एडवर्ड कार्पेंटर यांना क्रॉफर्ड पत्रं लिहीत, त्यातून ही हकिगत कळते. मग साहेबांची बदली झाली आमच्या रत्नागिरीला, आणि मंडळ मोडलं. १८९४मध्ये ते वारले. आमच्या गावात त्यांच्या नावाची आळी नाही, एवढीच खंत.

लिंबूटिंबू
थापा.

बांगडा फ्राय
नाही हो. नग्नतावादाच्या इतिहासात सुरुवातीलाच हे प्रकरण येतं. माथेरानच्या वाऱ्यात हे तिघे फक्त चष्मा लावून बसलेले डोळ्यांसमोर आणा. (चष्मा माझ्या पदरचा.)

मुद्रितशोधक
'नेकेड ट्रस्ट'चं मराठी त्या काळच्या कारकुनाने काय केलं असतं? 'नग्न न्यास' म्हटलं तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करायला लागेल.

मराठीत हा विषय न लाजता मांडणारा माणूस यानंतर पस्तीसेक वर्षांनी आला. र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाच्या (१९२७ ते १९५३) मुखपृष्ठावर नग्न चित्र असे, आणि नग्नतेत मुळात अश्लील काही नाही हे ते उघडपणे लिहीत. त्यांच्या लिखाणात 'नग्न' हा शब्द डॉक्टरच्या खोलीतल्या शब्दासारखा कोरा येतो. संपादकांना एवढं सांगा, की मराठीत 'नग्न' या शब्दाला परंपरा आहे, तो खोडायची गरज नव्हती.

पंतोजी
परंपरा आहे, मान्य. पण 'नग्न बेट' हे तरीही चूक. बेट नग्न नाही, माणसं आहेत. 'नग्न बेट' म्हणजे झाडं नसलेलं उजाड बेट, असाही अर्थ निघेल.

शिवाय आपण मघापासून सामासिक शब्द शोधतोय आणि तिथंच अडकतोय. मराठीत नियम सांगायचा तर आपण नाम घडवत नाही, वाक्य बोलतो. 'चपला बाहेर काढाव्यात.' 'उधारी बंद आहे.' 'बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत.' तसं 'येथे कपड्यांची सक्ती नाही.' यात नागडेपणाचं नावही घ्यावं लागलं नाही आणि मर्जी कुणाची हेही कळलं. विशेषण हवंच असेल तर 'कपड्यांची सक्ती नसलेला किनारा'. नेग्रिलच्या त्या बाजूला 'कपड्यांना मनाई'. दोन्हींतला फरक शाळकरी पोरालाही समजेल.

समुद्रपक्षी
हे पटलं. 'सक्ती नाही' आणि 'मनाई'.

टॉपलेस राहिलं. त्याला 'अर्धनग्न' लिहितात ते चूक वाटतं, कारण लंगोटातला पहिलवानही अर्धनग्नच. 'बिकिनी'चीही अशीच मजा झालेली आहे. १९४६च्या जुलैत पॅरिसमध्ये लुई रेआरने तो पोशाख आणला आणि नाव दिलं मार्शल बेटांतल्या बिकिनी प्रवाळद्वीपाचं, कारण अमेरिकेची अणुचाचणी तिथं नुकतीच झाली होती. लोकांनी त्यातला 'बि' म्हणजे दोन असं धरलं, आणि १९६४ला वरचा तुकडा नसलेला पोशाख निघाला तो 'मोनोकिनी'.

खडूस
उरलेलाही तुकडा काढला की 'शून्यकिनी'. बेटाला हेच नाव द्या.

जास्वंद
टॉपलेस मी सोडून देते, आमच्या बेटावर तो प्रश्न शिल्लकच नव्हता.

'सक्ती नाही' घेतलं. आता परिच्छेद असा झालाय, बघा :

'समोरच्या बेटावर कपड्यांची सक्ती नाही. होडीवाला आपल्याला उतरवतो आणि पाठ फिरवून निघून जातो. सोवळ्या बाजूला राहायचं असेल तर हॉटेलच्या किनाऱ्यावर खुर्च्या मांडलेल्या आहेतच. हॉटेल फक्त मेहुणांसाठी असल्यामुळे एकटादुकटा बघ्या इथं फिरकत नाही. बेटावर बसताना खाली स्वतःचं अंगवस्त्र अंथरावं लागतं.'

मुद्रितशोधक
'मेहूण' सुरेख. देवीच्या जेवणाला बोलावतात तेच जमैकात निघालं. मूळ शब्द 'मिथुन', त्यामुळे बेटालाही शोभतो. पण नवी पिढी 'मेहुण्यांसाठी' असं वाचेल, जपा.

पंतोजी
ताई, 'अंगवस्त्र' काढा आणि 'टॉवेल'च राहू द्या. अंगवस्त्राचा जुन्या मराठीत दुसराही एक अर्थ आहे, आणि हॉटेल फक्त जोडप्यांसाठी आहे.